अक्षरकार्डं, इंदूर : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२५

मुलांसाठी मराठी अक्षरकार्डांचा संच छापून विकायचा आहे : पुढे चित्र, मागे अक्षर. म्हणून आज राजवाड्याच्या बाजूने खजूरी बाजारात शिरले आणि कार्डं ठेवणारी सगळी दुकानं बघितली. मांडणी सगळीकडे सारखीच. वर ए-बी-सी, खाली फळं-भाज्या, मग वाहनं, शरीराचे अवयव, हिंदी वर्णमाला, पाढे. माल बहुतेक दिल्लीचा, नई सडक आणि दरियागंजकडून येणारा. थोडा शिवकाशीचा. मराठी? एका दुकानदाराने वरच्या फळीवरून मराठी तक्ता काढून झटकला आणि म्हणाला, "दीदी, ऑर्डर दोगे तो मँगा देंगे. रखते नहीं."

गिऱ्हाईक नाही असं त्याचं म्हणणं नव्हतं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरची आजी-आजोबा मंडळी वर्षभर विचारत असतात. पण ती येतात एकेकटी आणि मागतात एकेक संच. दुकानदार माल घेतो डझनाने, तोही मिश्र खोक्यात. दिल्लीच्या खोक्यात मराठीचा डझन नसतो, कारण तिथल्या छापणाऱ्याला तेवढ्यासाठी वेगळ्या प्लेटा (छपाईचे पत्रे) लावणं परवडत नाही. साखळी इथे, छपाईच्या टेबलावर तुटते. विक्रीच्या टोकाला मागणी आहेच.

हंगामाचं गणित विचारून घेतलं. मध्य प्रदेशात शाळेचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं, मेमध्ये सुट्टी, जूनच्या मध्यात पुन्हा शाळा. दुकानदार फेब्रुवारीत माल ठरवतो. मार्चअखेर फळीवर नसलेला संच थेट जूनमध्ये विचारला जातो.

२२ नोव्हेंबर

पुठ्ठ्याच्या काकांकडे नमुने बघायला गेले. ते मूळचे देवासचे, मराठी छान बोलतात. डुप्लेक्स हातात देऊन म्हणाले, "हे मिठाईच्या डब्याचं. पाठ करडी, त्यावर काळं अक्षर मातकट दिसेल." आर्ट कार्ड गुळगुळीत, छपाईला सुंदर, पण त्याच वजनात पातळ. मुलाने एका कोपऱ्याला धरलं की मान टाकतं. एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड, त्याच ३०० जीएसएममध्ये (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्डापेक्षा जाड आणि ताठ, कारण त्याच्या मधल्या थरात हवा जास्त. भद्राचलम आणि सोनगढच्या गिरण्यांचा माल त्यांच्याकडे असतो. एफबीबी ठरलं.

काकांनी एक प्रश्न विचारला जो मी कुठे वाचला नव्हता : "दाणा कुठल्या बाजूने हवा?" पुठ्ठ्यातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. तंतूंना समांतर घडी सहज पडते, त्यांना आडवी पडत नाही. उभं धरायच्या कार्डाला दाणा उभा लागतो, म्हणजे ते गुंडाळी झाल्यासारखं पुढे वाकत नाही. कापणीचं नियोजन यावर अवलंबून, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

२७ नोव्हेंबर

आज फक्त कागद, पट्टी आणि पेन्सिल.

२३ बाय ३६ इंचाचा ताव अर्धा केला की १८ बाय २३. सांवेर रोडच्या प्रेसमधल्या मशीनवर हाच बसतो. ४ बाय ५ इंचाचं कार्ड घेतलं तर ब्लीड (कापणीसाठी कडेची जास्तीची छपाई) आणि ग्रिपर (मशीन ताव पकडतं ती कड) धरून चार गुणिले चार, म्हणजे १६ कार्डं. तीन फर्म्यांत (फर्मा म्हणजे एकत्र मांडून छापायचा एक ताव) ४८.

जाऊबाई बालवाडी चालवतात. त्यांना ५ बाय ७ हवं होतं : "वीस मुलं जमिनीवर बसलेली असतात, मागच्याला दिसायला नको?" बरोबर आहे. पण ५ बाय ७ ची त्याच तावात ९ च बसतात. ४८ ला सहा फर्मे लागतील, सहाव्यात जागा रिकामी जाईल. कागद दुप्पट, प्लेटा दुप्पट. शिवाय ४ बाय ५ च्या ४८ कार्डांचं वजन १८६ ग्रॅम भरतं. खोका आणि पाकीट धरूनही ५०० ग्रॅमच्या कुरिअर टप्प्यात आरामात बसतं. मोठं केलं तर दुसऱ्या टप्प्याचं भाडं. वर्गासाठी मोठं, घरासाठी छोटं, हे दोन वेगळे माल आहेत. आपण घराचा करतोय.

४८ चा आकडा तावातून आला, वर्णमालेतून नाही. पण महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत ५२ वर्ण : १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं, क्ष आणि ज्ञ. ऌ, अः, ङ, ञ यांची चित्रं कोण कशी काढणार? ती चार काढली की नेमके ४८. असे योग रोज येत नाहीत.

४ डिसेंबर

प्रेसवाल्यांकडे कोटेशन. फक्त मराठीचे पाचशे संच म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला, म्हणजे उत्तर नकारार्थी. चित्राच्या बाजूला चार रंग, तीन फर्मे : १२ प्लेटा. मागच्या बाजूला काळं अक्षर : ३. मशीन लावायचा वेळ आणि सुरुवातीचे वाया जाणारे ताव पाचशेला तेवढेच लागतात जेवढे पाच हजारांना. तो खर्च पाचशेवर वाटला की एकेक संच दिल्लीच्या मालाच्या कितीतरी वर जातो.

मग युरोपातले बालपुस्तकवाले करतात ते सुचवलं. तिथे एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत एकत्र छापतात. रंगीत प्लेटा मशीनवर तशाच राहतात, फक्त काळी बदलते. अट एकच : सगळा मजकूर निव्वळ काळ्यात हवा. अक्षराला लाल केलं किंवा चित्रावर पांढरं कोरलं की चारही प्लेटांत भाषा शिरली.

प्रेसवाले म्हणाले, "मतलब फोटो कॉमन, पीछे का ब्लॅक अलग. तो हिंदी के साथ चला दो ना, बहन जी." तेच. हिंदीचे हजार, मराठीचे पाचशे. वेगवेगळं छापलं तर दोन्हींच्या मिळून ३० प्लेटा. चित्रं सामायिक केली तर १२ अधिक ३ अधिक ३, म्हणजे १८. आणि चित्रांची बाजू दीड हजारांवर वाटली जाते. मराठी संच हिंदीच्या पाठीवर बसून बाजारात जाईल. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. इंदूरमध्ये मराठी घरातलं मूल एरवीही दोन्ही भाषांतच हिंडतं.

११ डिसेंबर

आता प्रश्न असा की एकच चित्र दोन्ही भाषांत त्याच अक्षराला चालायला हवं. भाचा चित्रं काढतोय. तो, जाऊबाई आणि मी जेवणाच्या टेबलावर यादी करत बसलो. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं :

अ अननस, हिंदीत अनानास. आ आंबा, आम. झ झेंडा, झंडा. भ भेंडी, भिंडी. म मासा, मछली. ल लसूण, लहसुन. ह हत्ती, हाथी. न नळ, नल. श शहामृग, हिंदीत शुतुरमुर्ग. ट टोपी, थ थर्मास, ण बाण. ख खजूर (बाजाराचं ऋण फेडलं).

हिंदीत ळ नाही. त्या जागी ड़ घ्यायचं ठरलं, कारण दोघांनी शब्द सुरू होत नाही. मग असं चित्र हवं ज्यात मराठीत ळ येतो आणि हिंदीत ड़. अर्धा तास डोकं खाजवल्यावर जाऊबाईंनी भिंतीकडे बघितलं : घड्याळ, घड़ी. टेबलावर टाळ्या पडल्या.

अडलं ते ऊ शी. हिंदी संचात ऊ ऊँटाचा. आपला उंट ऱ्हस्व. आपला ऊस तिकडे गन्ना. ऊन दोन्हीकडे आहे, पण तिकडे लोकर, इकडे सूर्याचं. भाच्याने चित्र काढलं : कोवळ्या उन्हात आजी लोकर विणत बसली आहे. मला फार आवडलं.

१६ डिसेंबर

जाऊबाईंनी बालवाडीत कच्च्या छपाईची कार्डं दाखवली. ऊ च्या कार्डाला सगळ्यांनी एकमुखाने "आजी!" म्हटलं. हिंदी बोलणाऱ्यांनी "दादी!" चित्र बाद. जाऊबाईंचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं : कार्डावर एकच वस्तू, तिच्या पार्श्वभूमीला काही नको, सावलीसुद्धा कमी. मूल चित्रातलं सगळ्यात ओळखीचं आधी बोलतं, आपल्याला हवं ते नाही.

अजून एक निरीक्षण. भेंडी ओळखली, लसूण ओळखला, थर्मास कुणीच नाही. आता घराघरात स्टीलची बाटली असते. थ ला थाळी घेतली, दोन्हीकडे चालते.

५ जानेवारी २०२६

जुळत नाहीत अशी अक्षरं मोजली : उ, ऊ, ए, ऐ, ओ, ठ. वर ॲ आणि ऑ, ज्यांच्या जागी हिंदी संचात त्र आणि श्र येतात. आठ. आठ कार्डांसाठी सगळं गणित मोडणार का, या विचारात दोन आठवडे गेले.

तोड यादीत नव्हती, तावावर होती. आतापर्यंत आम्ही फर्मे वर्णक्रमाने लावत होतो : पहिल्यात स्वर, मग व्यंजनं. त्यामुळे न जुळणारी अक्षरं दोन फर्म्यांत विखुरली होती. कार्डं शेवटी कापूनच संचात येतात, तावावर ती कुठल्याही क्रमाने बसोत. न जुळणारी सगळी एका फर्म्यात टाकली की बाकीचे दोन फर्मे पूर्ण सामायिक. तिसऱ्याला चार जास्तीच्या रंगीत प्लेटा. एकूण २२. अठरा नाही, पण तीसही नाही.

आणि एकदा तिसऱ्या फर्म्याचे पैसे मोजले की त्यातल्या सोळाही जागा मोकळ्या. आठ लागल्या, आठ उरल्या. मग जिथे ओढाताण करून जुळवलं होतं ते मोकळं केलं. मराठीत फ ला फणस, हिंदीत फूल. मराठीत स ला ससा परत आला. तडजोडीच्या यादीत तो नव्हता तेव्हा जाऊबाई रागावल्या होत्या.

काळ्या प्लेटेवरची एक गोष्ट भाच्याला लिहून दिली : मराठी संचात पाकळ्यांचा ल आणि देठाचा श, हिंदी संचात त्यांच्या वळणाचे. फाँटात दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपले येतात. बाजारात मिळणाऱ्या कित्येक ‘मराठी’ तक्त्यांवर हिंदी ल दिसतो तो यामुळेच. आजोबा लोक हे दुकानात उभ्या उभ्या पकडतात.

१९ जानेवारी

सीएकडे. जीएसटीत हे नक्की काय? तीन दारं आहेत, प्रत्येकाला आपला कोड.

मुलांचं चित्रपुस्तक म्हटलं तर ४९०३, कर शून्य. ऐकायला गोड. पण सुटी कार्डं पुस्तक नव्हेत, आणि शून्य करात पुठ्ठ्यावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठा १२ वरून १८ टक्क्यांवर गेला आहे, तो सगळा खर्चात मुरतो.

खेळणं म्हटलं तर ९५०३, त्याच तारखेपासून ५ टक्के. पण १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं. परवाना, कारखान्याची तपासणी, चाचण्या. आमच्या आकाराच्या कामाला ते पेलणारं नाही.

छापील साहित्य म्हटलं तर ४९११, १८ टक्के, पण पुठ्ठ्याचा आणि छपाईचा कर त्यातून वजा. सीएने हेच सुचवलं.

या निर्णयात भाच्याचा फासा गेला. खोक्यात एक फासा आणि सापशिडीसारखा पट टाकायची त्याची कल्पना होती. खेळण्याची व्याख्या ‘खेळासाठी बनवलेली वस्तू’ अशी रुंद आहे, फासा टाकला की आम्ही आपणहून त्या दारात उभे. कार्डं कड्यात ओवायचीही कल्पना सोडली, धातूचं कडं लहान मुलाच्या हातात मला तसंही नको होतं.

सक्ती नसली तरी शाईवाल्याकडून लेखी मागितलं आहे. खेळण्यांच्या मानकात, आयएस ९८७३ च्या तिसऱ्या भागात, आठ मूलद्रव्यांची मर्यादा दिली आहे : शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, अँटिमनी, बेरियम, क्रोमियम, सेलेनियम. मुलं कार्ड चावतात. नाव काहीही द्या, चावतातच.

३ फेब्रुवारी

नमुन्याची कार्डं आली. पुढून मॅट फिल्म, मागून कोरी. सुंदर. एक कार्ड ओल्या फडक्याबरोबर स्टीलच्या डब्यात बंद केलं, दुसरं सेट-टॉप बॉक्सवर ठेवलं.

सकाळी डब्यातलं कार्ड फिल्मच्या बाजूला वाकलेलं, वाटीसारखं. बॉक्सवरचं उलट्या बाजूला. कारण सरळ आहे : फिल्म ओल घेत नाही, मागचा कागद घेतो. ओल मिळाली की पाठ फुगते आणि कार्ड पुढे वळतं, कोरडं पडलं की पाठ आकसते. इंदूरला एप्रिलात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत चिंब. तोच संच दोन्ही ऋतूंत दुकानात पडून राहणार. वाकलेली कार्डं खोक्यात बसत नाहीत, झाकण वर येतं, आणि वर आलेल्या झाकणाचा माल गिऱ्हाईक बाजूला सारतो.

दोन्ही बाजूंना फिल्म. खर्च वाढला, खोक्यावरची सोनेरी छपाई काढून टाकली.

चकचकीत की मॅट यावर जाऊबाईंनी वाद संपवला : वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत कार्ड आरसा होतं.

१७ फेब्रुवारी

छपाई. दिवसभर प्रेसमध्ये. सामायिक दोन फर्मे आधी घेतले, दीड हजारांचे, वर पाच टक्के वायाचे. पहिल्या तावांवर घड्याळाच्या काट्याला निळी कड दिसत होती. मशीनमनने भिंगातून क्रॉसच्या खुणा बघितल्या, एक चावी किंचित फिरवली, कड गेली. ही माणसं भिंग न वापरताही सांगतात, पण गिऱ्हाईक उभं असलं की भिंग काढतात.

भेंडी जास्त पिवळी वाटली. त्याने सायन (निळसर शाई) वाढवला. मग हत्तीही निळसर व्हायला लागला, कारण तो त्याच उभ्या पट्ट्यात खाली होता. शाई पट्ट्यापट्ट्याने सुटते, एका कार्डापुरती नाही. भेंडी आणि हत्ती यांच्यात मधला मार्ग निघाला. पुढच्या वेळी हिरवी आणि करडी चित्रं एका पट्ट्यात ठेवायची नाहीत.

तिसरा फर्मा दोन्ही भाषांत मिळून ठरल्यापेक्षा दोनशे ताव जास्तीचा छापून घेतला. काळी बाजू हिंदीत हजार आणि मराठीत तीनशेच मारली. उरलेल्या दोनशे संचांचे ताव मागून कोरे ठेवले, फिल्मही चढवली नाही. काळ्या प्लेटा गम लावून प्रेसमध्येच. जी भाषा खपेल तिचं अक्षर एप्रिलात मारायचं. प्रेसवाल्यांना हे विचित्र वाटलं : "आधा काम कौन छोड़ता है?" पण तयार मालात अडकलेला पैसा सोडवता येत नाही, कोऱ्या पाठीच्या तावातला येतो.

२ मार्च

कटिंग आणि कोपरे झाले. संच लावायचं काम सगळ्यात वेळखाऊ निघालं. कार्डं तावावर वर्णक्रमाने नाहीत, त्यामुळे कापलेल्या ४८ गड्ड्या टेबलाभोवती क्रमाने मांडून फिरत फिरत एकेक उचलायचं. शेजारच्या तीन बायका मजुरीवर येतात. त्यातल्या एकीने सुचवलं की पाठीमागे कोपऱ्यात बारीक आकडा टाका, एक ते अठ्ठेचाळीस, म्हणजे तपासायला अक्षर वाचावं लागणार नाही. पुढच्या काळ्या प्लेटेत टाकणार. तिला हिंदी-मराठी दोन्ही येतं, पण ॲ हे अक्षर वर्णमालेत कुठे बसतं हे तिला (आणि खरं तर अर्ध्या इंदूरला) माहीत असायचं कारण नाही.

१२ मार्च

खजूरी बाजारात माल द्यायचा तर रंगपंचमीच्या आत किंवा नंतर. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याच्या आसपास पाऊल ठेवायला जागा नसते आणि दुकानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असतात. आम्ही नंतर गेलो.

वितरक चाळीस टक्के सूट आणि न खपलेला माल परत, यावर अडून आहे. दुकानदार थेट घेतात तर पस्तीसवर तयार, पण साठ दिवस उधार. शिवाय पुस्तकवाल्या दुकानदारांचा नवा हट्ट : "किताब में बिल दे दो ना." त्यांचा बहुतेक माल करमुक्त, १८ टक्क्यांचं बिल त्यांना नकोसं. दिलं नाही. दोघांनी माल घेतला नाही. तिसऱ्याने घेतला आणि हिंदी संच पुढे, मराठी मागे लावला. मी दुकानातून निघायच्या आत ते उलट करून आले.

१८ एप्रिल

हिशेब. हिंदी संच दुकानांत मंद चाललाय, कारण दिल्लीचा माल शेजारीच, स्वस्त. मराठीच्या तीनशेंतले फार थोडे उरलेत, आणि ते दुकानांतून कमी, ओळखीतून जास्त गेले. पुणे-मुंबईला राहणाऱ्या नातवंडांसाठी इथले आजी-आजोबा घेऊन जातात. म्हणजे माल इंदूरहून महाराष्ट्रात निघालाय, हे कुणीच धरलं नव्हतं.

कोऱ्या पाठीच्या दोनशे संचांचे ताव मराठीत मारायला सांगितले. आकडे टाकायचे म्हणून काळ्या प्लेटा नव्या, रंगीत कामाला हात लावायची गरज नाही.

बडोद्याच्या नणंदेचा निरोप : संच दांडिया बाजारात दाखवला, गुजराती असेल तर तिथले दुकानदार घेतील. यादी काढून बसलो. गुजरातीत ळ आहे आणि घड्याळाला घडियाळ म्हणतात, ते कार्ड जसंच्या तसं चालतं. ऊ ला त्यांच्याकडे ऊंट, म्हणजे हिंदीचं चित्र. मासा अडत नाही, त्यांची माछली चालते. लसूण चालतो, लसण. भेंडीही अडत नाही, त्यांच्याकडे भींडा, तोही भ च. अजून तीस अक्षरं तपासायची आहेत. शिरोरेघ नाही म्हणून पाठीवरची मांडणी थोडी वर घ्यावी लागेल. जाऊबाईंच्या ओळखीच्या बडोद्याच्या शिक्षिकेकडून पूर्ण यादी आली की सोमवारी तीन काळ्या प्लेटांचं कोटेशन मागवायचं. तिसऱ्या फर्म्याचं नंतर.